बाहेरच्या देशात सरकार अर्धवट प्रयोगाला पण पैसे देतं म्हणे, आपल्याकडं काय हाय?

द्राक्षबाग_तासगाव
घरची द्राक्षबाग, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. मी आणि एक मित्र मिळून पानावरचा ओलावा मोजणारं यंत्र करतोय, पान किती तास ओलं राहिलं त्यावरून डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) येणार का ते आधी कळतं आणि उगाच मारायच्या फवारण्या वाचतात. घरात टेबलावर झकास चालतंय, बागेत नेलं की बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारल्यावर सेन्सरवर निळसर थर बसतो आणि मग कोरडं पान पण ओलं दाखवायला लागतं. आता ऑक्टोबर छाटणीपासून पाचसहा बागांत लावून सीझनभर बघायला पायजे, त्याला पैसा लागणार. बँक म्हणते तारण आणा, इन्व्हेस्टर म्हणतो आधी गिऱ्हाईक दाखव. बाहेर असल्या स्टेजला सरकार पैसे देतं हे खरंय का नुसत्या रील्स?

कुपवाड_एमआयडीसी
खरंय. अमेरिकेत १९८२ ला एसबीआयआर म्हणून कायदाच केला, ज्या सरकारी खात्यांचं रिसर्चचं बजेट मोठं त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांना द्यायचा, आणि बदल्यात शेअर मागायचे नाहीत. मला खरी आवडते ती इस्रायलची पद्धत. सरकार खर्चाचा काही भाग उचलतं, माल विकला गेला तर विक्रीतून थोडी थोडी रॉयल्टी परत द्यायची आणि फसलं तर फसलं, कोण दारात येत नाही. तैवानची चिप बनवणारी कंपनी टीएसएमसी १९८७ ला निघाली ती पण सरकारी संशोधन संस्थेतनं, सुरवातीचं जवळपास निम्मं भांडवल सरकारचं होतं. आज जगातल्या भल्याभल्या कंपन्या चिप बनवायला तिच्याकडंच जातात.

मिरज_रोखठोक
आधी द्राक्षाला भाव द्या म्हणावं, मग सेन्सर.

विटा_अकाउंटवाला
रोखठोक भाऊ, फवारणीचा खर्च वाचला तर तो पण भावच की ओ.
मुद्द्याचं बोलतो. आपला देश रिसर्चवर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया ५ टक्क्यांच्या आसपास, इस्रायल त्याच्याही वर. पण नुसतं सरकारला शिव्या घालून भागत नाही, कारण कोरियात तीन चतुर्थांशापेक्षा जास्त खर्च कंपन्या करतात आणि आपल्याकडं निम्म्याहून जास्त सरकारच करतं, म्हणजे आपले उद्योगपतीच खिशात हात घालत नाहीत. २०२५ ला केंद्रानं १ लाख कोटींची आरडीआय (संशोधन, विकास आणि नवकल्पना) योजना मंजूर केली, ती त्यासाठीच. आता गंमत बघा, ती आहे कमी किंवा शून्य व्याजाच्या लांब मुदतीच्या कर्जाची आणि भांडवलाची, अनुदान नाय, आणि टेक्नॉलॉजी एका टप्प्यापर्यंत तयार पायजे. इंडिया एआय मिशनला २०२४ ला १० हजार कोटींच्या वर मंजूर झाले, त्यात जीपीयू, म्हणजे एआय चालवायला लागणाऱ्या चिप, सवलतीत मिळतात. तुला जीपीयू काय करायचाय, तुला पाचसहा बागा आणि एक सीझन पायजे. हजारो कोटींच्या घोषणा आणि तुझं टेबल यांच्यामधी जी मोकळी जागा हाय ना, तिथंच आपली पोरं अडकतात.

कराड_हार्डवेअर
जागा अगदीच मोकळी नाय. निधी प्रयास बघ, केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाची योजना, हार्डवेअरच्या प्रोटोटाइपसाठी (पहिल्या चालत्या नमुन्यासाठी) १० लाखापर्यंत अनुदान. इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या संस्थेमार्फत, अर्ज करायचा. मी दुसऱ्या एका योजनेतनं गेलोय, तोंडावर सांगतो, पैसा हप्त्यानं येतो आणि मागच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च केले त्याचा दाखला) दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. माझा दुसरा हप्ता आला तोवर सीझन उलटून गेला होता. तुझं तर छाटणीच्या तारखेवर अवलंबून, त्यामुळं बागेतल्या चाचणीचा सगळा खर्च पहिल्याच हप्त्यात मागून घे आणि प्रत्येक खरेदीचं जीएसटी बिल ठेव, मार्केटमधनं कच्च्या पावतीवर काय उचलू नको.
आणि सेन्सर उघड्या पट्ट्यांचा आहे का? असला तर बोर्डोतले क्षार त्यावर बसून करंट वाहणारच. कॅपॅसिटिव्ह (पट्ट्या झाकून, करंट न वाहता ओलावा ओळखणारा) करून वरनं कोटिंग दे, बराच फरक पडतो.

द्राक्षबाग_तासगाव
उघड्या पट्ट्याच हायत 😅 कॅपॅसिटिव्ह करून बघतो. प्रयासला कंपनी रजिस्टर लागते का? आमचं अजून काहीच नाय.

कराड_हार्डवेअर
नाय लागत, एकट्या माणसाला पण अर्ज करता येतो. पण मित्र बरोबर हाय तर कुणाच्या नावावर करायचा ते आत्ताच ठरवा, पैसे आल्यावर नको.