रानभाजी महोत्सवाला जायचंय: काय घ्यावं, कसं निवडावं?

शेपूवाली:
ऑगस्टात ठाणे-पालघरकडचा एखादा रानभाजी महोत्सव गाठायचा विचार आहे. घरी चार माणसं, सगळी शाकाहारी. करटोली आणि टाकळा सोडला तर बाकी भाज्या ओळखता येत नाहीत. किती वाजता जावं, एका फेरीत किती घ्यावं, कशाचं पाणी उकळून टाकावं लागतं? शेवळं मिळतील का? सासूबाईंना मुतखड्याचा त्रास आहे आणि सासरे वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेतात, तेही लक्षात घेऊन सांगा. बाल्कनीत लावायला करटोलीचे कंद मिळाले तर हवेत.

डोंगरवाट:
कृषी विभाग आणि आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) मिळून हे महोत्सव साधारण 9 ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास भरवतात. जिल्ह्याला एक असतोच, बऱ्याच तालुक्यांतही होतो. तारीख तालुका कृषी कार्यालयात विचारा, कारण जाहिरात अगदी आदल्या दिवशी येते. जिल्ह्याच्या ठिकाणी भाषणं आणि पाककृती स्पर्धा जास्त, भाजी कमी. खरेदीच करायची असेल तर तालुक्याचा बरा.

उद्घाटनाची वाट बघू नका. बायका भाजी पहाटे खुडून आणतात आणि चांगल्या जुड्या पहिल्या दोन तासांत संपतात. एका टेबलावर नावाच्या चिठ्ठ्या लावून नमुने मांडलेले असतात. ते विकायचे नसतात, पण आधी तिथेच जा आणि चिठ्ठीसकट फोटो काढा. नावं गावागणिक बदलतात: टाकळा विदर्भात तरोटा होतो, करटोली काटवल होते, फोडशीला कुणी कुलू म्हणतं. म्हणून नावावर विसंबू नका. विकणाऱ्या मावशींना तीन गोष्टी विचारा: कोणता भाग खायचा, पाणी टाकायचं का, आणि सोबत आंबट काय घालायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "घालावंच लागतं" असं आलं, तर भाजी खाजरी आहे असं समजा.

शेवळं विसरा. ती पहिल्या पावसाची, जूनमधली. ऑगस्टात फार तर वाळवलेली मिळतील. ती घेतलीत तर काकड झाडाची आंबट फळं किंवा चिंच हवीच. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा धरतो. आतला पिवळसर दाणेदार भाग काढलेला आहे ना, हेही बघून घ्या.

कोवळी_पात:
चार माणसांना एका फेरीत तीन भाज्या पुरे. पालेभाजी शिजून मूठभर होते, तेव्हा प्रत्येकीच्या तीन-चार जुड्या घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून आणलीत तर संध्याकाळपर्यंत काळी पडते. ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळा.

फोडशी: मुळाकडचा पांढरा भाग आणि मधला चिवट दांडा काढा. पातींच्या बेचक्यात माती अडकते, त्यामुळे जुडी सोडून धुवा, चिरून पुन्हा धुवा. भिजवलेली मूगडाळ आणि भरपूर कांदा घालून परता. भाजी कचकचली तर दोष धुण्याचा असतो.

भारंगी: कडू. कोवळी पानं बारीक चिरून उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, मग कांदा आणि डाळ.

टाकळा: ऑगस्टात बराचसा निबर झालेला असतो, शेंड्याचीच पानं घ्या. इथे एक सावधगिरी. टाकळ्याच्या पानाला बहुधा तीनच जोड्या पर्णिका असतात आणि त्यांची टोकं गोलसर. जोड्या चार-पाच, टोकं अणकुचीदार आणि चुरगळल्यावर उग्र वास आला, तर तो कासविंदा असू शकतो. त्याच्या बिया विषारी आहेत. अशी जुडी परत ठेवा.

मीठभाकर:
एवढं कशाला? सगळ्याच उकळा, पाणी फेका, भानगड नको.

कोवळी_पात:
मग करटोली आणि कुर्डूत खायचं काय उरलं? करटोलीच्या चकत्या तेलावर कुरकुरीत परतायच्या. कोवळ्या कुर्डूलाही फक्त धुणं पुरतं. उलट बांबूच्या कोंबांना नुसती एक उकळी पुरत नाही. त्यांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. साल काढून पातळ काप करा, पाण्यात भिजवा, मग झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटं उकळा आणि मध्ये एकदा पाणी बदला. झाकण ठेवलं तर जी वाफ बाहेर जायला हवी तीच आत राहते.

पथ्यपाणी:
खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर सासूबाईंसाठी घोळ, अळू, माठ आणि राजगिरा टाळलेलेच बरे. घ्यायचेच झाले तर उकळून पाणी टाका, विरघळणारं ऑक्झलेट त्यात उतरतं. त्याच जेवणात दही-ताक असू द्या, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं.

वॉरफरिनवर हिरव्या पाल्यातल्या व्हिटॅमिन केचा परिणाम होतो. अडचण पालेभाजी खाण्याची नाही, एकदम वाढवण्याची आहे. महोत्सवानंतरचा आठवडाभर रोज दोन वेळा पाला झाला तर गोळीचा असर कमी होऊ शकतो. सासऱ्यांचं नेहमीचं प्रमाण तेवढंच ठेवा, बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्टॉलवर "मधुमेहावर रामबाण" छापाचे फलक असतील, तिकडे काणाडोळा करा. गुळवेलीचा रस कपात घालून हातात देतात, तोही सासऱ्यांना नको. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद मिटलेला नाही. वॉरफरिन चालू असताना असे प्रयोग कशाला?

आणि चाखताना एका दिवशी पाच नव्या भाज्या नकोत. पोट बिघडलं तर कशाने, ते कळणार नाही.

डोंगरवाट:
कंदांचं राहिलं. ऑगस्टात करटोलीचा वेल ऐन भरात असतो, तेव्हा कंद उपटणारा माणूस वेल मारतोय. ते हिवाळ्यात वेल वाळल्यावर काढतात आणि पावसाच्या तोंडावर लावतात. आत्ता फक्त शेतकऱ्याचा फोन नंबर घ्या. नर आणि मादी वेल वेगळे असतात, म्हणून वेल फुलावर असतानाच दोन्हींवर खूण करून ठेवायला सांगा. मादी फुलाच्या देठाशी छोटं काटेरी फळ दिसतं, नराला नसतं. शेतात आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. बाल्कनीत दोन माद्या आणि एक नर लावा, आणि नर फूल हाताने मादी फुलावर घासा. पाचव्या-सहाव्या मजल्यावर किडे येतील याचा भरवसा नाही.