क्रिएटिनिन १.९, पण लघवी साफ होते. बाबांना कसं समजावू?

नमस्कार. इंदूरहून लिहिते आहे. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह पंधरा वर्षांचा, बीपीची गोळी चालू. परवा रिपोर्ट आले: क्रिएटिनिन १.९, ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाज) ३८, हिमोग्लोबिन ९.८. चार महिन्यांपूर्वीही क्रिएटिनिन १.८ होतं. डॉक्टर म्हणाले, किडनीच्या तज्ज्ञांना दाखवा. बाबा तयार नाहीत. "लघवी साफ होते, रात्री चारदा उठतो. किडनी बिघडली असती तर अडली नसती का?" यावर मला उत्तर देता आलं नाही.

शेजारच्या काकू म्हणतात, रोज पाच लिटर पाणी पाजा, किडनी धुऊन निघेल. मामांनी कसलासा काढा पाठवलाय. पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला नसेल तर बाबा ताट सरकवतात, आणि थंडीत सराफा बाजारातले गराडू (तळलेले कंद) ठरलेले. गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणतात, तीही कित्येक वर्षं.

लघवी होत असताना किडनी कशी बिघडते? हिमोग्लोबिनचा तिच्याशी काय संबंध? पाणी वाढवू का? काकांचं डायलिसिस आम्ही जवळून पाहिलंय. बाबा त्या धास्तीनेच टाळत असावेत, म्हणून त्यांना न घाबरवता सांगायचंय.

प्रतिसाद:
ताई, मी वडोदऱ्याला डायलिसिस विभागात नर्स आहे. बाबांना आधी हे सांगा: ३८ म्हणजे डायलिसिस नव्हे. तो विषय ईजीएफआर साधारण १५च्या खाली गेल्यावर निघतो. आत्ता तज्ज्ञांकडे जायचं ते उरलेलं जपायला.

आता त्यांचा प्रश्न. दिवाळीत कपाट आवरताना आपण आधी सगळंच बाहेर काढतो, मग हवं ते परत लावतो. किडनीचं काम तसं चालतं. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि दीडदोन लिटर सोडून बाकी सगळं परत आत घेतात. हे करणाऱ्या सूक्ष्म गाळण्या एकेका किडनीत दहा लाखांच्या घरात असतात. साखर आणि बीपीने त्यांतल्या निम्म्या गेल्या तरी दीडदोन लिटर लघवी होतच राहते, पण घाण पूर्ण उतरत नाही. रक्तात वाढलेलं क्रिएटिनिन ही त्याचीच खूण. लघवी घट्ट करण्याची ताकद कमी झाली की रात्री उठावं लागतं. साखर वाढल्यानं किंवा प्रोस्टेटमुळेही तसं होतं, तेही तपासून घ्या.

रक्तपेशी बनवण्याचा निरोप अस्थिमज्जेला देणारं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः किडनीतच तयार होतं. ते कमी पडलं की हिमोग्लोबिन उतरतं. लोह मात्र आधी तपासतात.

पाच लिटरनं काही धुतलं जात नाही, अंगावर सूज असेल तर उलट त्रास होतो. किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. काढा नकोच. दुखण्याची गोळी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असेल तर आजच थांबवा. शेव-जीरावन कमी करा, त्यातलं मीठ बीपी चढवतं. गराडूत पोटॅशियम भरपूर, पण रिपोर्टमध्ये ते वाढलेलं असेल तरच बंद करायचे. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासलं नसेल तर तेही करून घ्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार. कपाटाचं उदाहरण बाबांनी दोनदा वाचायला लावलं. गोळी डायक्लोफेनॅकच निघाली, पाकीट माझ्याकडे दिलंय. सोमवारची वेळ घेतली आहे. पोटॅशियम रिपोर्टमध्ये नाहीच, तेवढं उद्या करून घेते.