शब्दचर्चा: ‘बायोमार्कर’ला मराठीत काय म्हणावं? (कुत्र्यांच्या पोटाच्या आजारांसाठी)

रानजाई:
नमस्कार मंडळी. कुत्रे पाळणाऱ्यांसाठी पोटाच्या जुनाट आजारांवर एक माहितीपत्रक मराठीत करतेय. कुत्र्याला महिना महिना पातळ शी होते, खातो भरपूर पण अंगाला काही लागत नाही, मग डॉक्टर टीएलआय, बी१२, कॅलप्रोटेक्टिन असल्या टेस्ट लिहून देतात आणि घरचे बिचारे रिपोर्ट हातात घेऊन बसतात. ह्या सगळ्यांना मिळून बायोमार्कर म्हणतात. मला जैवचिन्हक, जैवसूचक आणि जैविक निर्देशक असे तीन शब्द मिळाले. कुठला घेऊ?

ओंजळ:
जैवसूचक नको. पर्यावरणवाले तो वेगळ्याच अर्थाने वापरतात, म्हणजे दगडफुलासारखे जीव ज्यांच्यावरून हवा किती स्वच्छ आहे ते कळतं. निर्देशकाला माझी हरकत एवढीच की लोक तो निर्देशांकाशी गल्लत करतात, शेअर बाजारामुळे. शाळेच्या विज्ञानात लिटमसला ‘दर्शक’ म्हणतो, मुलांनाही तो शब्द माहीत असतो. मग जैवदर्शक का नको?

मधुमालती:
सरळ ‘लक्षण’ म्हणा की. सगळ्यांना कळतं.

भारद्वाज:
मी व्हेट आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मधुमालतीताई, लक्षण चालणार नाही. जुलाब, उलटी, वजन उतरणं ही लक्षणं, ती घरच्यांना डोळ्यांनी दिसतात. बायोमार्कर म्हणजे रक्तात किंवा शीमध्ये मोजता येणारी गोष्ट, जिच्यावरून आत काय चाललंय त्याचा अंदाज येतो. मोजता येणं हा त्यातला मुख्य भाग आहे. आणि आमच्याकडे तर तो जास्तच महत्त्वाचा कारण पेशंट काही सांगत नाही, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, काही नाही.

उदाहरण टीएलआयचंच घ्या. स्वादुपिंडातून ट्रिप्सिनोजेन नावाचा पदार्थ अगदी थोडा रक्तात झिरपत असतो, टीएलआय म्हणजे तो मोजणं. जर्मन शेफर्डमध्ये एक आजार बऱ्यापैकी दिसतो, स्वादुपिंडाच्या पाचकरस करणाऱ्या पेशीच झडून जातात, कुत्रा अधाशासारखा खातो आणि हाडं दिसायला लागतात, शी फिकट, ढीगभर आणि घाण वासाची. अशा कुत्र्याच्या रक्तात टीएलआय २.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर किंवा त्याहून कमी आला की निदान जवळपास पक्कं. २.५ ते ५.७ च्या मधे आला तर काही आठवड्यांनी परत करायचं. सँपल मात्र रात्रभर उपाशी ठेवून घ्यायचं.

ही टेस्ट यायच्या आधी शीचं पाणी एक्स-रे फिल्मवर टाकून ठेवत. ट्रिप्सिन (ट्रिप्सिनोजेनपासून आतड्यात तयार होणारा, प्रथिनं पचवणारा पदार्थ) असेल तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर विरघळून तेवढा भाग साफ व्हायचा, नसेल तर तसाच राहायचा. अडचण अशी की आतड्यातले जंतूसुद्धा तो थर खाऊ शकतात, म्हणजे स्वादुपिंड गेलेलं असूनही फिल्म साफ. १९८० च्या दशकात डेव्हिड विल्यम्स आणि रॉजर बॅट यांनी कुत्र्यांसाठी टीएलआय बसवली आणि हा घोळ संपला. आज असल्या टेस्टसाठी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या जीआय (म्हणजे पोट-आतड्यांच्या) लॅबचं नाव सगळ्यात आधी निघतं.

तेव्हा दर्शक हा शब्द मला आवडला. फक्त ‘निदानक’ वगैरे करू नका कोणी. टीएलआयसारखा एखादा जवळजवळ निदानच हातात देतो, बाकीचे फक्त बोट दाखवतात.

ओंजळ:
बाकीचे म्हणजे? बी१२ तर आपल्याकडे माणसांना थकवा आला की करतात.

भारद्वाज:
बी१२ आणि फोलेट (तेही बी गटातलंच जीवनसत्त्व) आम्ही जोडीने करतो. फोलेट लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, बी१२ शेवटच्या भागात. त्यामुळे कुठलं कमी आहे त्यावरून आतड्याचा कुठला भाग बिघडलाय त्याचा अंदाज येतो. शिवाय बी१२ शोषायला जे प्रथिन लागतं ते कुत्र्यात मुख्यतः स्वादुपिंडातून येतं, मांजरात तर तिथूनच, म्हणून स्वादुपिंड गेलं की बी१२ पण घसरतं. आणि शार-पेई जातीत बी१२ कमी असण्याचा त्रास पिढीजात असतो. बी१२ भरून काढल्याशिवाय बाकीच्या औषधांचा नीट गुण येत नाही असं बरेचदा होतं, त्यामुळे हा आकडा नुसता निदानासाठी नाही, उपचारासाठी पण आहे.

कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याला सूज आली की त्या पेशी तिथे जमतात आणि ते शीमध्ये उतरतं. पण सूज कशाने आली, खाण्याने, जंतूने की कॅन्सरने, ते त्याच्यावरून नाही कळत. ते बघायला बायोप्सीच लागते, म्हणजे आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासणं.

मधुमालती:
लक्षण आणि दर्शकातला फरक पटला. मग माणसाच्या लॅबमध्ये ही सगळी तपासणी नाही का होत? स्वस्त पडेल.

भारद्वाज:
टीएलआय आणि स्वादुपिंडाचा लायपेज (चरबी पचवणारा पदार्थ) मोजणारी सीपीएलआय, ह्या टेस्ट अँटिबॉडीवर चालतात आणि त्या अँटिबॉडी त्या त्या प्राण्याच्याच प्रथिनाला चिकटतात. माणसाची टेस्ट कुत्र्याला नाही चालत, कुत्र्याची मांजराला नाही चालत. दर्शकही प्राण्याप्रमाणे बदलतात. सूज असली की कुत्र्यात सीआरपी हे रक्तातलं प्रथिन चांगलं वर जातं, मांजरात फारसं हलत नाही, तिथे सीरम अमायलॉइड ए हे दुसरं प्रथिन बघतात, घोड्यातसुद्धा तेच. म्हणून पत्रकात ‘कुत्र्यांसाठी’ हा शब्द ठळक टाका.

शिवार:
शब्दांचंच चाललंय तर सँपलला काय लिहिणार तेही ठरवा. आमच्याकडे गाई-म्हशीचं शेण, शेळीच्या लेंड्या, घोड्या-गाढवाची लीद, पाखरांची शीट. कुत्र्याला विष्ठा म्हटलं तर कोणी समजणार नाही असं नाही, पण घरात कोणी तसं बोलत नाही. आणि आजाराला जुलाब लिहा, हगवण आमच्याकडे जास्त करून वासरा-करडांना म्हणतात.

रानजाई:
शिवारदादा, हे फार कामाचं सांगितलंत. ‘शी’ आणि ‘जुलाब’च ठेवते. शब्द ‘जैवदर्शक’ घेते, पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे बायोमार्कर’ असं जोडून, पुढे नुसतं दर्शक. एक वाक्य असं लिहिलंय: “कॅलप्रोटेक्टिन वाढलेला असल्यास कुत्र्याला आतड्याचा जुनाट दाह आहे.” बरोबर?

भारद्वाज:
‘आहे’ काढा. “आतड्यात सूज असण्याची शक्यता वाढते, कारण शोधायला पुढच्या तपासण्या लागतात.” लांब होईल पण खरं होईल. माझा आग्रह आहे कारण लोक एका आकड्यावर घाबरून घरीच औषध चालू करतात किंवा उलट आकडा बरा आला म्हणून जुलाब चालू असताना थांबून राहतात. सीपीएलआयच्या क्लिनिकमधल्या झटपट किटचंही तसंच, ती निगेटिव्ह आली तर स्वादुपिंडाला सूज असण्याची शक्यता बरीच कमी होते, पॉझिटिव्ह आली तर मात्र पुढे आकडा मोजून घ्यावा लागतो.

आणखी एक दर्शक घाला, अल्फा-१ प्रोटिनेज इनहिबिटर, हेही रक्तातलं एक प्रथिन. आतड्यातून प्रथिनं गळत असतील तर अल्ब्युमिन ह्या रक्तातल्या मुख्य प्रथिनाबरोबर हाही गळतो, अल्ब्युमिन आतड्यात पचून जातं पण हा पचत नाही, म्हणून शीमध्ये सापडतो. यॉर्कशायर टेरियरसारख्या जातींत हा त्रास जास्त. ह्याच्यासाठी ३ वेगवेगळ्या वेळच्या शीची सँपल लागतात, आणि ती कुत्र्याने आपणहून केलेली हवी, बोट घालून काढलेली नको. तसं काढताना जरासं रक्त आलं तरी आकडा उगाच वाढतो. सँपल लगेच फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि लॅबला जाईपर्यंत गोठलेलंच राहायला हवं.