मदत हवी आहे : वर्षाच्या यादीतील पहिला गेम एका शत्रूपाशी अडला आहे

हरिपूर_रस्ता :
नमस्कार. आम्ही विश्रामबागेतील सात मित्र दर वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री, त्या वर्षी पीसीवर खेळलेल्या आपापल्या आवडत्या पाच गेमची क्रमवारी एकमेकांपुढे मांडतो. आणि जो गेम पुरा केलेला नाही तो यादीत घ्यायचा नाही, असा आमचा कडक नियम आहे. २०२५ च्या माझ्या यादीत 'किंगडम कम : डिलिव्हरन्स २', 'हॉलो नाइट : सिल्कसाँग', 'ब्लू प्रिन्स' आणि 'हेडीस २' हे चार पक्के आहेत. पहिल्या जागेवर 'क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३' येणार होता, परंतु शत्रूचा वार परतवण्यासाठी मी पॅरीची कळ दाबतो तेव्हा ती नेहमी उशिराच लागते आणि माझा सगळा चमू गारद होतो. अकरा तास झाले आहेत, त्यांतील तीन लॅम्पमास्टर नावाच्या एकाच शत्रूने खाल्ले. कृपया नेमका उपाय सांगावा. 'सराव करा' असे कोणी लिहू नये, तो करून झाला आहे. हातात पाच दिवस आहेत.

चारभिंती :
लॅपटॉप की डेस्कटॉप, ग्राफिक्स कार्ड कोणते, रॅम किती आणि गेम एसएसडीवर आहे की हार्ड डिस्कवर, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढे कळल्याशिवाय नेमका उपाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे आहे.

हरिपूर_रस्ता :
लॅपटॉप आहे, हे लिहायचे राहिले. आरटीएक्स ३०५०, ४ जीबीचे कार्ड, १६ जीबी रॅम, गेम एसएसडीवर. बाकीचे चारही गेम मी याच लॅपटॉपवर विनातक्रार पुरे केले आहेत, त्यामुळे दोष लॅपटॉपचा नाही हे उघड आहे. कृपया पॅरीविषयी बोलावे.

मिरजेचे_मामा :
मुळात हा गेम पहिल्या क्रमांकाचा आहे का, याचाच विचार व्हावा. पाळीपाळीने लढायचा गेम म्हटला की माझ्या पाळीला मला आणि त्याच्या पाळीला त्याला स्वस्थपणे खेळू द्यायचे. सांगली ही बुद्धिबळाची पंढरी. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा पाहत मी मोठा झालो आणि तिथे समोरच्याने वजीर हलवताना आपण टेबलावर थाप मारायची नसते. खऱ्या अर्थाने पाळीचा गेम हवा असेल, तर बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा २०२३ सालचा 'बाल्डर्स गेट ३' घ्यावा. त्यात दीड तास विचार करून एक चाल केली तरी कोणी हटकत नाही.

हरिपूर_रस्ता :
मामा, यादी २०२५ ची आहे.

राजवाडा_चौक :
मामांशी मी असहमत आहे, कारण शत्रूच्या पाळीतही खेळणाऱ्याला जागे ठेवणे हीच या गेमची करामत आहे. या गेममधील चित्रकर्ती दर वर्षी शिळेवर एक आकडा कमी करून रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसे पाकळ्या होऊन उडून जातात. अशा जगात आपली पाळी संपली म्हणून हात बांधून बसणे शोभलेच नसते. माँपेलिएच्या एका नवख्या स्टुडिओचा हा पहिलाच गेम, एप्रिलमध्ये आला आणि डिसेंबरच्या गेम अवॉर्ड्समध्ये नऊ पुरस्कार घेऊन गेला. तरीही माझा पहिला क्रमांक 'किंगडम कम' लाच राहील. १४०३ सालचे बोहेमिया, कुटेनबर्गच्या चांदीच्या खाणी, चिलखताला लागलेला चिखल. तो गेम खेळून झाल्यावर अजिंक्यताऱ्यावर फिरायला गेलो, तर दरवाज्यावरून खाली तेल कुठून ओतता येईल हेच पाहत बसलो. आपल्याकडच्या किल्ल्यांवर असा गेम कधी निघेल?

भडंग_आणि_चहा :
किल्ल्यांवर नसला, तरी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' काढला होता. त्याची पार्श्वभूमी पुराणकथांची आहे आणि तो साध्या लॅपटॉपवरही चालतो. धागाकर्त्यांनी त्याऐवजी तो का खेळू नये?

हरिपूर_रस्ता :
कारण तो मी २०२० मध्येच खेळलो आहे. कृपया पॅरी.

रात्री_अडीच :
उपाय अगदी सोपा आहे. गेमची काठिण्यपातळी सगळ्यात सोप्या 'स्टोरी' वर आणा, पॅरीला वेळ वाढवून मिळतो. शिवाय बाहेरचे एखादे फ्रेम जनरेशनचे सॉफ्टवेअर टाका, म्हणजे चित्र दुप्पट गुळगुळीत दिसेल. मी स्वतः असेच करतो.

चारभिंती :
काठिण्यपातळीविषयी आपण लिहिले ते बरोबर आहे. परंतु फ्रेम जनरेशनचा सल्ला या रोगावर उलटा पडेल. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनावट फ्रेम घातली जाते आणि त्यासाठी पुढची खरी फ्रेम थोडी अडवून धरावी लागते. चित्र गुळगुळीत दिसते, पण कळ दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांतले अंतर वाढते. ज्याची कळ आधीच उशिरा लागते आहे, त्याला हा उपाय कसा चालेल?

रात्री_अडीच :
मला तरी कधी फरक जाणवला नाही.

चारभिंती :
आपण 'स्टोरी' वर खेळता, म्हणून जाणवला नसेल.

तार_आणि_डाग :
वाद बाजूला ठेवून एक विचारते. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे उमटतात तो, लावून पाहिला आहे का, आणि तो खालीवर होतो की एका जागी थांबतो?

हरिपूर_रस्ता :
आता लावून पाहिला, ताई. बरोबर तीस. लढाईत तीस, नुसते उभे राहिले तरी तीस. ग्राफिक्स सगळ्यात खाली आणले तरीही तीसच.

तार_आणि_डाग :
कार्ड दमले असते तर आकडा चोवीस, सदतीस, एकतीस असा नाचला असता आणि ग्राफिक्स खाली आणल्यावर वाढला असता. तो एकाच जागी खिळला आहे, याचा अर्थ कोणीतरी झाकण लावले आहे. आपण चार्जर लावून खेळता ना?

हरिपूर_रस्ता :
नाही. दिवाळीआधीच्या परतीच्या पावसात आमच्या भागात व्होल्टेज इतके वरखाली झाले, की भिंतीत लावलेला चार्जर फट्दिशी उडाला आणि खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास भरला. नवा चार्जर आणला तो महागात पडला. तेव्हापासून मी दिवसा चार्ज करतो, पिन काढून कपाटात ठेवतो आणि रात्री बॅटरीवर खेळतो. हे सांगण्यासारखे आहे असे मला वाटले नव्हते.

तार_आणि_डाग :
हेच सांगण्यासारखे होते. आपले बाकीचे चार गेम दिवाळीच्या आधी खेळून झाले असणार. आपल्यासारखे एनव्हिडियाचे कार्ड असलेल्या लॅपटॉपमध्ये 'बॅटरी बूस्ट' नावाची सोय असते. पिन काढली की ती बॅटरी टिकावी म्हणून गेमला सहसा तीस फ्रेमवर बांधून ठेवते. तीस फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, साठ फ्रेमला तेच १७ वर येते. (गेमच्या नावातही ३३ असावेत, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.) ती सोय बंद करता येते, पण बॅटरीवर कार्डाला मुळात पुरेशी वीज मिळत नाही, त्यामुळे त्याने फारसे साधणार नाही. पिन लावूनच खेळा. धास्ती वाटत असेल, तर गणपती पेठेतून चांगला स्पाइक गार्ड घ्या आणि त्याआधी घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, कारण अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचे पुरेसे संरक्षण मिळत नाही.

मिरजेचे_मामा :
स्पाइक गार्डपेक्षा यूपीएस घ्यावा. वीज गेली तरी बुद्धिबळाचा ऑनलाइन डाव तुटत नाही.

तार_आणि_डाग :
मामा, लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असतेच. यूपीएस घ्यायचाच तर राउटरला लावा.

हरिपूर_रस्ता :
पिन लावली. आकडा पन्नाशीच्या आसपास आला, हात हलका झाल्यासारखा वाटतो. मनापासून आभार. पण दहांतील चार वार लागतात, सहा अजून चुकतात. आणि चुकतात तेही उशिराच. वार करण्याआधी तो जो आवाज करतो, तो ऐकूनच मी कळ दाबतो, म्हणजे ठोका चुकण्याचे कारण नाही.

चारभिंती :
तो आवाज कानापर्यंत कशातून येतो?

हरिपूर_रस्ता :
ब्लूटूथ इयरबड्समधून. शेजारच्या खोलीत आई झोपलेली असते.

चारभिंती :
घ्या, दुसरा चोर सापडला. ब्लूटूथवर आवाज गुंडाळून पाठवला जातो, पलीकडे उलगडला जातो, आणि साध्या इयरबड्समध्ये यात शे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. गाणी ऐकताना ते कळत नाही, सिनेमाच्या वेळी प्लेअर चित्र मागे ओढून जुळवून घेतो, पण गेमला तसे करता येत नाही. आपण वेळेवर कळ दाबता. फक्त ती वेळ कधीच होऊन गेलेली असते. तारेचा इयरफोन लावा. आणि पहिल्या काही फेऱ्यांत पॅरी न करता नुसते डॉज करा, म्हणजे वार चुकवा. डॉजला अवधी जास्त मिळतो, आणि ज्या वाराला पडद्यावर 'परफेक्ट' उमटेल, त्या वाराला त्याच क्षणी पॅरीही लागली असती, असे समजा.

रात्री_अडीच :
आणि तरीही जमले नाही, तर 'स्टोरी' आहेच.

हरिपूर_रस्ता :
बहिणीच्या दप्तरातून तारेचा इयरफोन काढून आणला. त्याचा डावा कान चालत नाही, पण उजवा पुरला. पहिल्या खेपेला फक्त डॉज केले, नऊ वेळा 'परफेक्ट' आले. तिसऱ्या खेपेला लॅम्पमास्टरची पुरी साखळी परतवली, आणि सगळा चमू मिळून त्याच्यावर उलटला, तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडलो की आई उठून आली. चारभिंती आणि ताई, दोघांचेही आभार. उरलेला गेम चार रात्रींत संपवीन.

मिरजेचे_मामा :
छान झाले. मग आता पहिला क्रमांक कोणाला?

राजवाडा_चौक :
'किंगडम कम' ला द्यावा, असे मी पुन्हा एकदा सुचवतो.

हरिपूर_रस्ता :
ते ३१ तारखेच्या रात्री. आमच्या सातांपैकी एक जण हा धागा वाचतो आहे.