तीन हजार पोरांच्या शाळेत माझी पोर हरवेल का? तुमचे अनुभव सांगा

माझी मुलगी यंदा गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी झाली. आमच्याकडे शाळा सातवीपर्यंतच. तिच्या वर्गात ११ पोरं होती आणि बाईंना प्रत्येकाच्या घरातली म्हैससुद्धा माहीत होती. आता आठवीला तालुक्याच्या अनुदानित हायस्कूलला घालायचं. तिथे पाचवी ते बारावी मिळून तीन हजारांच्या आसपास पोरं, एकट्या आठवीच्या सात तुकड्या. हे म्हणतात, इंग्रजी शाळेत टाकू. पण तिथली फी वर्षाला ४० हजार, व्हॅनचे वेगळे. कापसावर चालणारं आमचं घर, एक वर्ष भरू, पुढच्या वर्षी काय?

पैसा बाजूला ठेवला तरी एक भीती उरते. एवढ्या गर्दीत माझ्या पोरीकडे कोणाचं लक्ष जाईल का? ती फार बोलत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मोठ्या हायस्कुलांत जे शिकले किंवा ज्यांची पोरं शिकताहेत, त्यांनी मनापासून लिहा. शाळेचं नाव नको. चांगलं, वाईट, दोन्ही हवंय.

माजी विद्यार्थी, आता वायरमन, गिरणाकाठ

ताई, आमच्या शाळेत आठवीला चाचणीच्या मार्कांवर तुकड्या पाडायचे. अ आणि ब सेमी इंग्रजीच्या. मी ग मध्ये. 'ग म्हणजे गाळ' असं पोरं म्हणायची, आणि एकदा एका सरांनीही भरवर्गात म्हटलं. मी तेव्हा १३ वर्षांचा होतो. आज माझा पोरगा तेवढा आहे, त्याच्याकडे पाहिलं की ते वाक्य आठवतं.

वर्गात ७४ पोरं. गणिताचे सर दिवाळीपर्यंत आलेच नाहीत. वेळापत्रकात तास होता, वर्गात कोणी नव्हतं. कापूस वेचणीला निम्मा वर्ग शेतात जायचा आणि परत आल्यावर काय राहिलं हे विचारणारं कोणी नसायचं. अ तुकडीतल्या पोराने दोन दिवस दांडी मारली तर घरी निरोप जायचा.

पण त्या मोकळ्या तासांना चित्रकलेचे सर यायला लागले. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना ड्रॉइंगच्या कागदावर स्वतःचं नाव मोठ्या, सुंदर अक्षरात काढायला लावलं. ७४ नावं वर्गाच्या भिंतीवर लावली. ग च्या भिंतीवर तोवर फक्त पोपडे होते. दिवाळीच्या आत सरांना सगळी नावं पाठ झाली. १५ ऑगस्टला माइक बिघडला तेव्हा मी वायर जोडून दिली होती, ते त्यांनी पाहून ठेवलं होतं. दहावीनंतर आयटीआयचा फॉर्म त्यांनीच आणून दिला, भरायलाही तेच बसले. मार्क ५१ टक्के, पण त्या फॉर्मवर माझं घर उभं आहे.

म्हणून प्रवेशाच्या दिवशी एवढंच विचारा, तुकड्या कशावरून पाडता. मार्कांवरून म्हणाले तर शेवटच्या तुकडीला गणित-इंग्रजीला कोण आहे, तेही विचारा. उत्तर टाळलं तर समजून घ्या.

नववीतल्या मुलीचे वडील, यावल तालुका

शिकवणं ठीक आहे. आमचा प्रश्न एसटीचा. शाळा पाचला सुटते, गाडी सव्वासहाची. डिसेंबरात पोरगी फाट्यावर उतरते तेव्हा अंधार, दोन्ही बाजूंना केळीचे मळे. मुलींना पास मोफत आहे, त्याचं मोल आहेच, पण गाडी वेळेवर नसेल तर पास दप्तरातच राहतो. आम्ही सहा पालकांनी मिळून आगारात अर्ज दिला, शाळेचं पत्र जोडलं. तीन हेलपाटे झाले, मग गाडी पाऊण तास अलीकडे आली. एकट्याचा अर्ज गेला असता तर झालं नसतं. शाळा मोठी असल्याचा हा एक फायदा म्हणा, एका रस्त्यावरच्या ४० पोरी निघतात.

तुमचा तालुका सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात असेल तर आठवीपासून मुलीला सायकल मिळू शकते. ऑफिसात विचारून ठेवा.

स्टाफ नर्स, मूळ धडगावकडची

मी सातपुड्यातल्या पाड्यावरची. घरी पावरी बोलतो. सातवीपर्यंत आश्रमशाळा, नंतर खाली मोठ्या हायस्कूलला, वसतिगृहात राहून. मधल्या सुट्टीत पोरी अहिराणी बोलायच्या, तासाला पुस्तकातली मराठी. मला दोन्ही नवीन. 'कसाले रडी ऱ्हायनी?' (का रडतेस?) असं एका पोरीने विचारलं तेव्हा ती माझी चौकशी करतेय की चिडवतेय हेही कळलं नव्हतं. पुढे तीच माझी मैत्रीण झाली.

हजेरीला माझं नाव चुकीचं पुकारलं जायचं. मी सहा महिने त्या चुकीच्या नावाला 'हजर' म्हणत राहिले, कारण उभं राहून बाईंना 'हे माझं नाव नाही' असं सांगायला जी मराठी लागते ती माझ्याकडे नव्हती. शेवटी मैत्रिणीने सांगितलं. बाईंना फार वाईट वाटलं, त्यांनी पटावर नाव दुरुस्त केलं आणि त्या दिवसापासून मला पुढच्या बाकावर घेतलं. संध्याकाळी अर्धा तास थांबून मराठीचा धडा माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या. नववीत मी कविता पाठ म्हणून दाखवली तेव्हा त्या रडल्या.

पण ऑफिसच्या जनरल रजिस्टरमधलं नाव तसंच राहिलं. दाखला त्यावरूनच निघतो. बोर्डाच्या फॉर्मवर तेच, मार्कशीटवर तेच, जातीच्या दाखल्यावर मात्र खरं. नर्सिंगच्या प्रवेशाला माझा एक महिना नुसता त्या एका अक्षरामागे गेला. बापू माझ्याबरोबर मजुरी पाडून फिरले. ताई, आठवीतच रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख, जात, स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. दहावीचा फॉर्म गेल्यावर फार जड जातं.

मी वर्गात हरवले होते, हे खरं आहे. सापडले तीही त्याच वर्गात.

आठवी आणि दहावीतल्या मुलींची आई, धुळे जिल्हा

मी स्वच्छतागृहाबद्दल लिहिणार, कारण हे कोणी लिहीत नाही. माझी थोरली सकाळी घरून निघाली की संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हती. मार्चमधला आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दोनदा लघवीला जळजळ झाली, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की शाळेतल्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून ती पाणीच टाळत होती. ६०० मुलींना सहा जागा, त्यांतल्या दोन कुलूपबंद, एकीला कडी नाही. पाळीच्या दिवसांत पोरी घरीच राहायच्या आणि शाळा म्हणायची, मुलींची उपस्थिती कमी आहे.

पालक सभेला बहुतेक बापमाणसं येतात, त्यांच्यासमोर हा विषय कोण काढणार? आम्ही नऊ जणी वेगळ्या वेळी गेलो, पर्यवेक्षक बाईंना हाताला धरून आत नेऊन दाखवलं. महिनाभरात कड्या बसल्या, कुलपं निघाली, झाकणाचा डबा आला. पाण्याची टाकी अजून व्हायची आहे. बाई वाईट नव्हत्या, त्या कधी आत गेल्याच नव्हत्या. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा मुलीला घेऊन तिथे जाऊन या.

पालक, आणि निवृत्त शिक्षकही

ग तुकडीचं वाचून मान खाली गेली. मीही शेवटच्या तुकड्यांना दुय्यम वागवलं गेलेलं पाहिलंय आणि गप्प बसलोय.

गणिताचे सर दिवाळीपर्यंत का येत नाहीत, हे मात्र पालकांना कळायला हवं. अनुदानित शाळेत पदं पटावर ठरतात, त्याला संचमान्यता म्हणतात. कोणी निवृत्त झालं की जागा आपोआप भरत नाही. मंजुरी, मग सरकारच्या पवित्र पोर्टलवरची शिक्षकभरती, यात वर्षं जातात. तोवर तासिका तत्त्वावर एखादा तरुण येतो किंवा कोणीच येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. वर्गात ७० बसलेले दिसले तर पालकांनी लेखी विचारावं. तोंडी बोललेलं शाळेच्या दारातच विरतं.

आणखी एक. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्याच पोरांना बसता येतं, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. मुलगी अभ्यासात बरी असेल तर जूनमध्येच सांगून ठेवा, काही शाळा ठरावीक तुकडीलाच बसवतात.

दहावीचा विद्यार्थी

आमच्या शाळेचं मैदान लय मोठं आहे. कबड्डीत आम्ही जिल्ह्याला गेलो होतो. वर्गातले ५० पोरं बाहेर क्लास लावतात, म्हणून काही सर भरभर उरकतात, 'क्लासमध्ये झालंच असेल' म्हणतात. मी क्लास लावलेला नाही. मी विचारलं की विज्ञानाचे सर परत समजावतात, पण विचारावं लागतं. लाजलं तर राहून जातं.

सहावीतल्या मुलाची आई, भुसावळ

मी माझ्या मुलाला काढलं. त्याला बोलताना अडखळायला होतं. पोरं नक्कल करायची. वर्गशिक्षकांना दोनदा भेटले, त्यांनाही वाटत होतं काही करावं, पण ८० पोरांत त्यांना जमलं नाही. आता २५ पोरांच्या शाळेत आहे आणि हात वर करून उत्तर देतो. इतरांना जे साधलं ते आम्हाला नाही साधलं. काढलं याचं मला वाईट वाटत नाही, उशिरा काढलं याचं वाटतं.

आजोबा, अमळनेर

साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या प्रताप हायस्कूलला होते आणि वसतिगृहातल्या पोरांची अंथरुणंसुद्धा आवरून ठेवायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्येक शिक्षक गुरुजी होत नाही, ते अपेक्षूही नये. पण मी ज्या शाळेत शिकलो तिथले शिपाई नाना फाटकाशी उभे राहून पोरांना नावाने हाक मारायचे. उशीर झाला तर 'माय बरी शे ना?' म्हणून विचारायचे. माझी आई त्या वर्षी आजारी होती. शाळेत ते एकट्या नानांना माहीत होतं.

पुन्हा मी, मुलीची आई

सगळं दोनदा वाचलं, ह्यांनाही वाचून दाखवलं. ग तुकडीचं आणि नर्सताईंचं ऐकून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, उद्या जाऊन बघू.

गेलो. मुलींच्या स्वच्छतागृहात मी आणि पोरगी जाऊन आलो. कड्या आहेत, एका नळाला पाणी नव्हतं, ते बाईंना सांगितलं. तुकड्यांचं विचारलं. सेमीच्या दोन तुकड्या मार्कांवर, बाकीच्या पाच मिसळून पाडतात म्हणाले. सेमी का मराठी, ते अजून ठरत नाही आमचं. शेवटच्या तुकडीला गणिताचे सर आहेत, इंग्रजीची जागा रिकामी आहे, हे त्यांनी न लपवता सांगितलं. भुसावळच्या ताईंचं मनात ठेवलंय. सहामाहीपर्यंत बघणार, पोरगी कोमेजली तर थांबणार नाही.

ऑफिसात बाबूंनी नाव विचारलं. मी सांगणार तोच पोरगी पुढे झाली. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं आणि म्हणाली, "लिहिलेलं दाखवता का?" त्यांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. एक वेलांटी चुकली होती, ती तिथेच दुरुस्त करून घेतली.