द्राक्षमळ्यांतली जुनी गावं: वाईन-टेस्टिंग टाळलं तर काय बिघडलं?

कट्ट्यावरचा_दगड: फ्रान्समधल्या सेंत-एमिलियाँ, बोन अशा गावांत जाऊन लोक दिवसभर वाईन चाखत, ग्लास फिरवत बसतात, हे मला पटत नाही. सेंत-एमिलियाँला चुनखडकात कोरून काढलेलं मध्ययुगीन चर्च आहे. वरच्या मनोऱ्याचा भार खांबांना पेलवेना, म्हणून आत लोखंडी आधार द्यावे लागलेत. ते गाईडसोबतच बघता येतं आणि टेस्टिंगच्या नादात तीच वेळ हुकते. बाटली घरी आणता येते हो, चर्च नाही!

उलटा_चष्मा: वारसा वेगळा, वाईन वेगळी असे दोन कप्पे करताच येत नाहीत. युनेस्कोने १९९९ मध्ये सेंत-एमिलियाँ जागतिक वारशात घेतलं ते भोवतालच्या मळ्यांसकट.
बोनचं होतेल-द्यू बघा. बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सलर, म्हणजे मुख्य कारभारी, निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन यांनी १४४३ मध्ये गरिबांसाठी काढलेलं रुग्णालय. लोकांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या मळे दान दिले. १८५९ पासून त्या मळ्यांच्या वाईनचा लिलाव होतो, पैसा रुग्णालयाला जातो. जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण होते. मळे वगळलेत तर हातात काय राहिलं? छपरावरची रंगीत कौलं.

खडूस_काकू: तीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्याने बसवलेली! रस्त्यावरून तर साधं स्लेटचं छप्पर दिसतं. रंग बघायला अंगणात शिरावं लागतं.

कट्ट्यावरचा_दगड: उलटा_चष्मा, लिलावाचा इतिहास कळायला घोट कशाला घ्यायला हवा? आणि वाईनवाल्यांनी वारशाचं काय केलंय ते पोर्तुगालमध्ये, पोर्तो शहरासमोर नदीपलीकडे विला नोव्हा द गायाच्या काठावर बघा. दोरो नदीच्या खोऱ्यातून वाईनची पिंपं आणणाऱ्या राबेलो होड्या. रेल्वे, ट्रक, धरणं आली आणि त्यांचं काम गेलं. आता कंपन्यांची नावं मिरवत नुसत्या उभ्या. याला जाहिरातफलक म्हणतात.

उलटा_चष्मा: जाहिरातीसाठी का होईना, टिकल्या ना? आणि होड्यांपाशीच का थांबलात, मागच्या गोदामांत जा. दोरोचा उन्हाळा भाजून काढतो, गायाला समुद्राची गार, दमट हवा. पिंपांना तीच मानवते. पुढे कायद्यानेही १९८६ पर्यंत पोर्टची, म्हणजे या दोरोच्या वाईनची, निर्यात गायातूनच व्हायची. नदीकाठी एवढी गोदामं का, ते आत गारव्यात उभं राहिल्यावर, ओल्या लाकडाच्या वासासकट समजतं. शेवटी तिथलीच पोर्ट जिभेवर ठेवायची नाही, हा कसला हट्ट?

खडूस_काकू: मी पीत नाही. गोदामाची फेरी आवडली, पण तिकिटात दोन ग्लास धरलेलेच होते. ते नवऱ्याकडे सरकवले. पैसे मात्र माझेही पूर्ण घेतले.

कट्ट्यावरचा_दगड: बघा! इमारत बघायची तरी दारूचे पैसे मोजा.

उलटा_चष्मा: काकूंची तक्रार तिकिटाची आहे, वाईनची नव्हे. काका खूश असतील.

खडूस_काकू: काका खूश होते. गाडी मला चालवावी लागली.