कोल्हापुरी चप्पल कारागिराशेजारी बसून शिवायला शिकायचीय. कुणी शिकलंय का?

घाटमाथा:

नमस्कार मंडळी. जानेवारीत पाच दिवसांची सुटी मिळतेय. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कोल्हापूर गाठायचं एवढं ठरलंय. अंबाबाई, पन्हाळा, जोतिबा हे आधी झालंय. या खेपेला मला कोल्हापुरी चप्पल कशी होते ते शेजारी बसून बघायचंय, आणि जमलं तर एक जोड स्वतः शिवायचाय.

यामागचं कारण सांगते. बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना खालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कापशी जोड (कापशी गावच्या पद्धतीची कोल्हापुरी) सापडला. एका टाचेचा खालचा थर सुटलाय, बाकीचे टाके अजून घट्ट आहेत. आमच्या नाक्यावर दुरुस्तीला नेला, तर ते म्हणाले, "दोन खिळे मारून देतो." मला ते करवेना. जोड तसाच घरी आणला. तेव्हापासून ही चप्पल मुळात बांधतात कशी, हे कळून घ्यायचंय.

प्रश्न असे: अनोळखी माणसाला कुणी शिकवतं का? एक दिवस पुरतो का? पैसे किती द्यावेत, म्हणजे त्यांचं नुकसान होणार नाही? आणि कुणाच्या घरी जाऊन "मला शिकवा" म्हणणं त्यांना कसं वाटेल? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय.

---

पायी पायी:

शिकवतात, पण जरा पारखून जा. मी एका पर्यटक निवासातल्या "चप्पल कार्यशाळे"ला गेलो होतो. दोन तासांचा कार्यक्रम. तळ आधीच कापून, चिकटवून, मशीनवर शिवून ठेवलेले. आमच्या हाती दिला तो फक्त वरचा पट्टा आणि गोंडा. पट्टाही रेक्झिनचा. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळालं. शिकवायला आणलेला मुलगा चांगला होता, त्याला खरं काम येत होतं हे त्याच्या बोटांवरून दिसत होतं, पण दोन तासांत तो तरी काय दाखवणार?

तेव्हा आधी एकच विचारा: तळ हातानं शिवायला देणार का? नाही म्हणाले तर तिथं जाऊ नका. अंबाबाईच्या देवळापासून चालत चप्पल लाइनला, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रस्त्याला जा, दुकानांत जोड हातात घेऊन बघा, आणि दुकानदारालाच विचारा की हा कुणी केला. दोन-तीन दुकानांत विचारल्यावर कुणीतरी पत्ता देतंच.

---

लेथवाला:

ताई, दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी कोल्हापुरातल्या सुभाषनगरात एका कारागिरांकडे चार दिवस बसलो होतो. त्यांना विचारल्याशिवाय नाव इथं लिहिणार नाही. मी त्यांना मामा म्हणायचो, इथंही तेच म्हणतो. मी स्वतः ३१ वर्षं लेथवर काम केलंय, त्यामुळे माझी नजर आधी हत्यारावर आणि मग हातावर जाते. जे दिसलं ते सविस्तर लिहितो, कारण असं लिहिलेलं मला जायच्या आधी कुठं मिळालं नव्हतं.

एका दिवसात जोड होत नाही. तुमचा हात कितीही चांगला असला तरी नाही, कारण वेळ चामडं ठरवतं. तळाचं चामडं म्हशीचं, जाड. ते पाण्यात भिजवायचं, ओलं असतानाच ठोकून ठोकून घट्ट करायचं, मग सावलीत वाळू द्यायचं. घाई करून उन्हात टाकलं की तळ वाकतो. पहिल्या दिवशी दुपारी मी म्हणालो, "मामा, पुढचं करू या का?" त्यांनी तळाला बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "अजून गार लागतंय. चहा घ्या." चामडं गार लागतंय तोवर त्यात पाणी आहे. मोजायचं साधन ते बोटच.

चामडं मामांच्या घरी कमावत नव्हते. कमावणारी घरं वेगळी, चप्पल करणारी वेगळी. मामांनी मला तिकडेही नेलं. जुन्या रीतीत कातडं चुन्यात घालून केस काढतात, मग ते शिवून त्याची पिशवी करतात, ती टांगतात आणि तिच्यात बाभळीची साल व हिरड्याचं पाणी भरतात. ते पाणी कातड्यातून पाझरत राहतं आणि खाली धरून पुन्हा वर ओततात. अशा टांगलेल्या पिशव्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तिथंच उभा राहिलो. वास तीव्र असतो, त्याची मनाची तयारी ठेवा आणि नाकाला रुमाल लावू नका. ती माणसं दिवसभर तिथंच असतात. कोल्हापुरीचा जो मूळ तांबूस-पिवळा रंग आपण ओळखतो, तो या सालीचा आणि हिरड्याचा.

आता हाताचं काम. पहिला दिवस रापी धरण्यात गेला. रापी म्हणजे चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. दर थोड्या वेळानं मामा ती दगडावर घासायचे. मला वाटलं होतं जोर मनगटात लागतो, पण तो खांद्यातून येतो आणि मनगट फक्त दिशा देतं. फर्मा, म्हणजे पायाच्या मापाचा साचा ठेवून तळ कापायचा, आणि कड एका दमात कापली जायला हवी. थांबून पुन्हा सुरू केलं की तिथं पायरी पडते, आणि ती पायरी शेवटपर्यंत दिसते.

दुसऱ्या दिवशी थर जुळवले. वरचा तळ, खालचा तळ, टाचेला जादा थर. वरच्या आणि खालच्या तळाच्या मध्ये दोन्ही बाजूंनी कान बसवायचे. कान म्हणजे बाजूला दिसतात त्या पाकळ्या, ज्यांना वरचा पट्टा जोडला जातो. पाय चालताना सगळा ताण या कानांवर येतो, म्हणून ते तळाच्या आत किती शिरलेत याला महत्त्व. स्वस्तातल्या चपलेत ते जेमतेम बोटाच्या पेरापेक्षाही कमी आत असतात आणि पहिले तिथंच निसटतात. दुकानात जोड घेताना हे बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

मग शिवण. ज्यासाठी तुम्ही विचारताय ते हेच. खिळा नाही, सुती दोरा नाही. चामड्याचीच बारीक वादी काढायची, ती ओली करायची, टोक निमुळतं करून पीळ द्यायचा. आरीनं भोक पाडायचं आणि त्यातून वादी ओढायची. वादी ओली असते तेव्हा ओढली जाते, आणि वाळताना आखडून थरांना आवळून धरते. तुमच्या बाबांच्या जोडाचे बाकीचे टाके इतक्या वर्षांनी घट्ट आहेत, ते यामुळे. नाक्यावर खिळे मारू दिले नाहीत हे फार बरं केलंत. खिळ्याला गंज चढतो आणि गंजाभोवतीचं चामडं काळं पडून ठिसूळ होतं. मग तिथं वादीसुद्धा धरत नाही.

मामा कुठलीही खूण न करता टाके घालत होते. माझ्या खिशात सवयीनं सहा इंची स्टीलची पट्टी असते. मी त्यांच्या परवानगीनं ओळीनं दहा टाके मोजले. अंतरातला फरक एक मिलिमीटरच्या आत. मशीनवर जॉब धरून, डायल लावून आम्ही जे करायचो, ते हा माणूस नातवाशी बोलत बोलत करत होता. मी पट्टी खिशात ठेवली आणि त्यानंतर उरलेले दिवस बाहेर काढली नाही.

तिसऱ्या दिवशी मी डाव्या पायाचा तळ शिवला. मामांनी तो उलटा करून बघितला आणि माझे सात टाके काढून टाकले. "परत घाला," एवढंच म्हणाले. आरी तिरकी गेली होती, म्हणजे खालच्या बाजूला टाका कडेजवळ आला होता. चार महिन्यांत कड फाटली असती. पुन्हा घालायला मला दीड तास लागला. चौथ्या दिवशी उजवा तळ झाला, पट्टा आणि अंगठा, म्हणजे अंगठ्याची कडी, मामांनी बसवून दिला. तेव्हा माझा म्हणून जो जोड आहे, त्यातलं वरचं काम माझं नाही, हे स्पष्ट सांगतो.

पैशांचं. मी रोजचे १,२०० रुपये दिले आणि चामड्याचे वेगळे. आकडा असा काढला: एरवी दिवसभरात किती काम होतं ते आधी विचारलं, आणि माझ्यामुळे निम्मं थांबेल असं धरलं. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्तच थांबलं. मामा घेईनात, शेवटी त्यांच्या घरच्या काकींनी घेतले. तुम्ही पहिल्याच दिवशी सकाळी द्या. शेवटी द्यायला गेलं की "राहू द्या हो" सुरू होतं आणि आपण संकोचून कमी देतो. घासाघीस तर अजिबात नको.

जमिनीवर बसावं लागतं, चामडं पायाच्या अंगठ्यानं दाबून धरतात. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा, पाट मिळतो. पायाचा आकार कागदावर संध्याकाळी काढून न्या, सकाळी पाय बारीक असतो. पावसाळ्यात जाऊ नका, चामडं वाळतच नाही. जानेवारी उत्तम.

आणि बाबांचा जोड बरोबर न्या. आहे तसा, पुसूनही नको.

---

वेणीफणी:

मी अशाच एका घरातली. आजी, आई आणि आता वहिनी चपलेच्या पट्ट्यावरची चामड्याची वेणी घालतात, म्हणून हे नाव घेतलंय. दादांनी वर फार नीट लिहिलंय, पण एक राहिलं. पट्टा मामांनी "बसवून दिला", पण त्यावरची वेणी घातली कुणी? बहुतेक घरांत ते बायकांचं काम. शेळीच्या पातळ चामड्याच्या अगदी बारीक पट्ट्या काढायच्या आणि गुंफायच्या. पट्टी एका जागी रुंद झाली की वेणी तिथं फुगते. आजीला आता दिसत नाही नीट, तरी बोटानं सांगते कुठं फुगलीय. ताई, तुम्ही एक दुपार बायकांच्यात येऊन बसा. पुरुषांच्या कामाला लोक कारागिरी म्हणतात आणि वेणीला घरकाम समजतात, याचं मला लहानपणापासून वाईट वाटत आलंय. आणि दिवसाचे पैसे द्याल तेव्हा त्या दुपारचे वेणी घालणारीच्या हातात द्या.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. विचारलं की वाईट वाटत नाही. न विचारता केलं की वाटतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोत कोल्हापुरीसारखीच चप्पल दिसली आणि सुरुवातीला आमचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्यानंतर आमच्या गल्लीत कॅमेरे घेऊन बरेच जण आले. काहींनी दारातूनच आजीच्या हातांचे फोटो काढले आणि नाव न विचारता गेले. तुम्ही दारात उभं राहून "थोडा वेळ बसून बघू का?" एवढं म्हणा. "क्लास घेता का" म्हणालात तर आई गोंधळेल, तिनं कधी क्लास घेतला नाही. "बसून बघू का" म्हणालात तर ती आधी बसायला देईल. आणि दिलेलं पाणी प्या. आमच्या आज्जा-पणज्यांच्या वेळी आमच्या घरचं पाणी न पिणारे लोक चप्पल मात्र घेऊन जायचे. आजी अजून बघते, आलेला माणूस पाणी पितो का.

कोल्हापुरात जमलं नाही तर अडून बसू नका. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना. अथणी आणि निपाणीकडचे हातही तितकेच पक्के आहेत. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडे चौकशी केली तरी कारागिरांचे पत्ते मिळू शकतात.

---

घाटमाथा:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्याचं लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. दिवसाचे पैसे, चामड्याचे पैसे, वेणीवाल्या काकींचे वेगळे, सगळं पाकिटात वेगवेगळं ठेवून नेते. लेथवाला दादा, एकच विचारायचंय: पूर्ण जोड करण्याऐवजी बाबांचीच टाच शिवायला मागितली तर चालेल का?

---

लेथवाला:

चालेल. मी तर म्हणतो तेच करा. नवीन तळ शिवायला चार दिवस लागतील आणि तुम्हाला मिळणार तीनच. टाच सुटलेली असली की आतले थर उघडे दिसतात, नव्या चपलेत ते बघायला मिळत नाही. फक्त जुनं चामडं एकदम भिजवू देऊ नका, ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवायला सांगा. ते त्यांना माहीत असेलच, तरी विचारा.

---

घाटमाथा:

जाऊन आले. पत्ता चप्पल लाइनवरच्या तिसऱ्या दुकानात मिळाला. पाणी प्यायले, दोनदा चहाही. त्या घरच्या कारागीर काकांनी जोड हातात घेतला, उलटा केला, कानाखालच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हात कापशीकडचाच." कुणाचा ते सांगता येणार नाही, पण हात चांगला होता म्हणाले.

ओल्या फडक्याचं त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी भोकं साफ करून दिली आणि मला आरी न चालवता त्याच भोकांतून वादी ओवायला सांगितली. नवीन भोकं पाडली तर चामडं कमजोर होईल म्हणून. अकरा टाके. चार काढून परत घातले. दुपारी काकींजवळ बसून वेणीची एक वीत घातली, ती मध्ये फुगलीय, तशीच आणलीय.

नवी वादी पिवळट आहे, जुने टाके जवळपास काळे. अकरा टाके वेगळे उठून दिसतात. रंग लावून देऊ का म्हणून काकांनी विचारलं, मी नको म्हटलं. तिळाचं तेल लावत राहिलं की वर्षभरात गडद होतील म्हणाले. काल पहिल्यांदा लावलं.